ताईचे फेसलिफ्ट आणि एक लपवलेली गोळी

वाचकहो, गेल्या वर्षी दिवाळी आटोपून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. "अगं, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येतेय. त्याआधी दोनदा एकेका दिवसासाठी येईन. कुणाला काही बोलू नकोस." या वयात कोणी असे बोलले की मन एकाच ठिकाणी जाते. माझ्या आवाजातील कंप तिला ऐकू गेला असावा. ती म्हणाली, "कॅन्सर वगैरे काही नाही गं. मला तोंड दुरुस्त करून घ्यायचंय."

"दातांचं काम?"

"नाही. अख्खं तोंड."

ताईचे वय एकसष्ट. बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केलेली, व्यवहारात चोख. भावजी दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते आणि त्यांना जाऊनही तीन वर्षे झाली होती. तिचे ते शब्द ऐकून मला प्रथम हसू आले आणि मग राग आला. या वयात हे कसले खूळ, असे मी तिला स्पष्ट विचारले. तिने दिलेले उत्तर आज वर्ष उलटत आले तरी माझ्या कानात आहे. ती म्हणाली, "भाजीवाली विचारते, 'बरं नाही का?' बँकेत गेले की पोरं विचारतात, 'मॅडम, दमलात का?' हे आजारी होते तेव्हा ते खरं होतं. आता मी रोज चार किलोमीटर चालते, भूक लागते, झोप लागते. पण चेहरा अजून तीच जुनी बातमी सांगत बसलाय. खोटं बोलतो माझा चेहरा."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी होकार दिला, परंतु तो तोंडदेखला होता. हे आपणांस आरंभीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या त्या अर्ध्या मनाचा वाटा आहे.

पहिल्या भेटीला मी तिच्यासोबत गेले. शल्यविशारद एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी आधी ताईला आरसा दिला आणि म्हटले, "तुम्हाला काय खटकतं ते बोटानं दाखवा." ताईने जबड्याच्या दोन्ही कडांना लोंबू लागलेली कातडी आणि हनुवटीखालची सैल झालर दाखवली. डॉक्टरांनी मान हलवली. "हे दोन्ही सुधारेल. पण तुम्ही न दाखवलेल्या चार गोष्टी सुधारणार नाहीत, त्या आधी ऐका." मग त्यांनी बोटे मोडून सांगितले. डोळ्यांच्या पापण्या आणि भुवया यांची शस्त्रक्रिया निराळी. ओठांभोवतीच्या बारीक रेषा फेसलिफ्टने जात नाहीत. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत येणाऱ्या घड्या थोड्या सौम्य होतात, पुसल्या जात नाहीत. आणि उन्हाने पडलेले डाग जिथल्या तिथे राहतात, फार तर थोडे वर सरकतात! फेसलिफ्ट म्हणजे गालाचा खालचा भाग, जबडा आणि मान यांची शस्त्रक्रिया. साऱ्या चेहऱ्याचे नूतनीकरण नव्हे. ही एक गोष्ट जरी आपण लक्षात ठेवली तरी जाहिरातींतील निम्मी मोहिनी उतरेल.

प्रकार समजावून सांगताना त्यांनी जो दाखला दिला तो कोणाही गृहिणीला पटावा असा होता. जुन्या गादीतला कापूस खाली सरकला आहे असे समजा. आपण वरची खोळ ताणून घट्ट शिवली तर गादी चार दिवस बरी दिसते. मग खोळ उसवते, शिवण रुंदावते, आणि कापूस होता तिथेच राहतो. पूर्वीच्या काळी फेसलिफ्ट असे केवळ त्वचा ताणून होत असे. वाऱ्याच्या झोतासमोर उभे राहिल्यासारखे ताणलेले चेहरे, कानामागचे रुंद व्रण, खाली ओढली गेलेली कानाची पाळी, ही त्या खोळ ताणण्याची देणगी. त्वचेखाली चरबीच्या थराच्या आत एक चिवट पडदा असतो. चेहऱ्याच्या हावभावांचे स्नायू त्याच्याशी बांधलेले असतात. स्कूग या स्वीडिश शल्यविशारदाने १९७४ साली त्वचा आणि हा पडदा एकत्र उचलण्याची रीत मांडली; १९७६ साली मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्या पडद्याचे रीतसर वर्णन केले. तेव्हापासून त्याला 'स्मास' असे आद्याक्षरी नाव पडले. तो आपला कापूस.

या पडद्याचे काय करायचे, यावरून आजच्या पद्धती ठरतात. त्याला चूण घालून टाके मारता येतात. त्याची एक पट्टी कापून कडा जोडता येतात. किंवा त्याच्याही खाली शिरून, त्याला हाडाशी जखडून ठेवणारे बंध सोडवून, त्वचेसकट सारा भाग वर नेता येतो. या शेवटच्या पद्धतीला डीप प्लेन म्हणतात, अमेरिकेतील डॉ. हॅम्रा यांनी १९९० साली ती या नावाने मांडली आणि सध्या तिचा फार बोलबाला आहे. ताईने इंटरनेटवर वाचून तिचाच आग्रह धरला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "त्या पडद्याच्या खालीच चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या आहेत. ज्याच्या हाताला ती वाट सरावाची आहे त्यानं तिथं जावं. माझा हात चूण घालण्याच्या पद्धतीवर बसलाय. तुम्हाला डीप प्लेनच हवं असेल तर मी दुसरं नाव देते." आपल्या मर्यादा स्वतःहून सांगणारा डॉक्टर भेटला की माझा निम्मा विरोध गळून पडतो. ताईचाही आग्रह तिथेच गळाला.

'मिनी' म्हणून जे सांगितले जाते त्यात छेद आखूड असतो, भरून येण्याचा काळही कमी. परंतु मानेला त्याचा फारसा लाभ नाही. पन्नाशीच्या आतबाहेर, जेमतेम सैलपणा असणाऱ्यांसाठी ते ठीक. धागे घालून गाल उचलण्याचा प्रकार दवाखान्यात तासाभरात होतो आणि त्याचा परिणामही थोडक्या काळात ओसरतो. बोटॉक्स स्नायू सैलावते, फिलर खोलगट जागा भरते. दोन्हींचे काम निराळे आणि लोंबणारी कातडी त्यांपैकी कशानेही वर जात नाही. उलट फिलर भरत राहिल्याने चेहरा फुगीर मात्र होतो, हे माझे मत नव्हे, त्या डॉक्टरांचे.

मी ग्रंथपाल होते. जुनी सवय म्हणून त्या आठवड्यात मी थोडे वाचन केले. येथे थोडे विषयांतर करते, राग मानू नये. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी बैलगाडीवानाची हकिकत छापून आली होती. इंग्रजांच्या सैन्यातील हा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे आपल्या पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि ते पाहून विलायतेतले डॉक्टर थक्क झाले. आज जगभर ज्याला प्लास्टिक सर्जरी म्हणतात तिच्या इतिहासात ही हकिकत आवर्जून सांगितली जाते. ती मी ताईला सांगितली, तर ती म्हणाली, "मग मी पुण्यात येतेय ते योग्यच आहे." मला मात्र पॅरिसच्या डॉ. सुझान नोएल अधिक विचारात पाडून गेल्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्या स्त्रियांच्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया करीत. स्त्रीमताधिकाराच्या पुरस्कर्त्या असलेल्या या बाईंनी १९२६ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्याचा उल्लेख आहे. वय दिसू लागले की स्त्रियांची नोकरी जाते, हे त्या डोळ्यांनी पाहत होत्या. या शस्त्रक्रियेला मी केवळ श्रीमंतांची हौस समजत होते. तो समज तेथे थोडा डळमळला.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी पूर्वतयारीची यादी दिली. रक्तदाब महिनाभर आटोक्यात हवा. तंबाखू कोणत्याही रूपात निदान चार आठवडे आधीपासून बंद, आणि हे सांगताना त्यांनी मुद्दाम विचारले, "मशेरी लावता का?" सिगारेट ओढत नाही म्हणणाऱ्या कित्येक बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत. निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेली त्वचा काळी पडून मरू शकते. ताईला ते व्यसन नव्हते. पुढे यादीत रक्त पातळ करणारी औषधे होती. ॲस्पिरिन, काही वेदनाशामके, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, कोणाकडून आणलेले काढे आणि चूर्णे, सारे लिहून द्यायचे होते. ताईने रक्तदाबाची एक गोळी लिहिली आणि सही केली.

आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी ताई मुक्कामाला आली. तिच्या औषधांची सात खणांची डबी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. ठेवताना दिसले की प्रत्येक खणात दोन गोळ्या आहेत. एक रक्तदाबाची, ती मला ठाऊक होती, कारण आमच्या ह्यांचीही तीच आहे. दुसरी बारीक, पांढरी. "ही कसली गं?" ताई पोहे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हिटॅमिनची."

जन्मभर पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचण्यात गेलेल्या बाईने त्या गोळीची पट्टी मागून पाहायला किती वेळ लागला असता? मी मागितली नाही. ताईचा स्वर मला ओळखीचा होता. लहानपणी चिंचा लपवल्या की ती अशीच मान वर न करता बोलत असे. तरीही मी गप्प राहिले. मनात कुठेतरी असे होते की ही माझी जबाबदारी नव्हे. हौस तिची, तिचे तिने पाहावे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली, सुमारे चार तास चालली. छेद कानशिलाच्या केसांत सुरू होऊन कानापुढच्या घडीतून, पाळीला वळसा घालून, कानामागून केसांत जातो. मानेसाठी हनुवटीखाली आणखी एक बारीक छेद. सायंकाळी ताई खोलीत आली तेव्हा डोके, हनुवटी आणि कान पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते आणि दोन्ही बाजूंनी साचणारे पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या होत्या. ती शुद्धीवर होती. मला पाहून म्हणाली, "चहा मिळेल का?" मी निश्चिंत झाले.

रात्री दीडच्या सुमारास तिने मला हाक मारली. "डावीकडे फार ओढतंय गं." मला वाटले, पट्टी आवळली असेल. वेदनेचे औषध तासाभरापूर्वीच दिले होते. दहा मिनिटांनी ती पुन्हा कण्हली, आणि या वेळी मी दिवा लावून पाहिले. पट्टीच्या कडेला डाव्या गालाचा जो भाग दिसत होता तो जांभळा, ताठ आणि चकचकीत झाला होता. डावीकडचा ओठ सुजला होता. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. परिचारिकेने पट्टी सैल केली, रक्तदाब घेतला, तो बराच वर चढला होता, आणि ती काही न बोलता फोनकडे धावली. अर्ध्या तासाच्या आत डॉक्टर आल्या. ताईला पुन्हा आत नेले.

त्वचेखाली रक्त साचणे, म्हणजे हिमॅटोमा, ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत अधिक आढळणारी गुंतागुंत आहे. ती बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होते. ज्यांचा रक्तदाब चढतो त्यांच्यात आणि पुरुषांत तिचे प्रमाण जास्त, कारण दाढीच्या त्वचेला रक्तपुरवठा अधिक असतो. साचलेले रक्त वेळेवर काढले नाही तर त्याच्या दाबाने वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून वाचकहो, आपल्या घरातील कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली आणि एका बाजूला वेदना व सूज वाढू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. दोन्हीकडे सारखी सूज असणे स्वाभाविक आहे. एकाच बाजूची वाढती सूज स्वाभाविक नाही.

बाहेरच्या बाकावर मी बसून होते. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आल्या. गाठ काढली होती, त्वचा वाचली होती. मग त्यांनी विचारले, "एखादी रक्तवाहिनी वाहत होती म्हणावं तर तसं नव्हतं. सगळीकडून झिरपत होतं. रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू होती का हो?"

स्वयंपाकघरातली ती डबी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हटले, "बारीक पांढरी एक गोळी घेते ती रोज. कसली ते मला ठाऊक नाही." हे वाक्य उच्चारताना मला स्वतःची जी लाज वाटली ती मी आपणांपासून लपवत नाही.

ती ॲस्पिरिनचीच होती. नाशिकच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी हृदयाच्या काळजीपोटी चालू केलेली. आपण ही शस्त्रक्रिया करीत आहोत, हे ताईने त्यांना कळवले नव्हते, कारण ते तिच्या मुलाला ओळखत होते. आणि गोळी चालू आहे हे इथल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण त्या नकार देतील अशी तिला भीती होती. पट्टीत गुंडाळलेल्या अवस्थेत सकाळी तिने हे सारे कबूल केले. डॉक्टर रागावल्या नाहीत. पलंगाच्या कडेला टेकून म्हणाल्या, "मी नाही म्हटलं नसतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलले असते, त्यांनी चालेल म्हटलं असतं तर गोळी थांबवून दहा दिवस पुढे ढकललं असतं. एवढंच." ॲस्पिरिनचा प्रभाव रक्तातील बिंबिकांवर त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे आठदहा दिवस टिकतो, हे त्यांनी नंतर मला समजावले. त्याचबरोबर हेही बजावले की ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे त्यांनी ही गोळी हृदयतज्ज्ञाला विचारल्यावाचून आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये. लपवणे जसे घातक, तसेच परस्पर थांबवणेही.

ताईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. परिचारिका म्हणाली, "आजी, रडू नका, बीपी वाढेल." त्या परिस्थितीतही 'आजी' हा शब्द ताईला लागला, हे मी तिच्या चेहऱ्याच्या उघड्या चतकोरावरून ओळखले.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. ह्यांनी दार उघडले, ताईकडे एक नजर टाकली, आणि "चहा ठेवतो," म्हणून आत गेले. पुढचे सारे दिवस ते असेच वागले. त्यांच्या या गुणाची किंमत मला उशिरा कळली.

घरचे दिवस कसे असतात हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. उशा रचून डोके उंच ठेवायचे, दोन आठवडे पाठीवरच झोपायचे. वाकायचे नाही, म्हणजे केर काढायचा नाही, आणि देवापुढे नमस्कारही उभ्यानेच. जोराने हसायचे नाही, चावावे लागेल असे खायचे नाही. मी भाकरी बंद करून गुरगुट्या भात, घावन, मऊ उपमा यांवर भागवले. लोणचे आणि पापड बंद, कारण मिठाने सूज धरून राहते. डोक्यावरून घालायचे कपडे चालत नाहीत, पुढून बटणांचे गाऊन लागतात. केसांना कलप लावायचा असेल तर तो आधीच लावून घ्यावा, पुढे महिना-दीड महिना मनाई. कानातल्या कुड्या तर काढाव्याच लागतात. पुढचे टाके सातव्या दिवशी निघाले, केसांतले दहाव्या. गालावरचा काळेनिळा रंग हळूहळू हिरवा, मग पिवळा होत मानेवर आणि तिथून छातीवर उतरला. गुरुत्वाकर्षण सर्वांनाच लागू आहे.

शरीरापेक्षा मनाचे दिवस कठीण गेले. पाचव्या दिवशी तिने आरसा मागितला आणि पाहून खाली ठेवला. "हे मी काय करून बसले?" पहिल्या दहाबारा दिवसांत असे खचणे फार जणांना होते, चेहरा स्वतःचा वाटत नाही, आणि नवा अजून आलेला नसतो. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते म्हणून मी घाबरले नाही. तिला घाबरण्याचे आणखी एक कारण होते. हसताना तिचा खालचा ओठ डाव्या बाजूने खाली येईना. मज्जातंतूच्या एका फांदीला सुजेने आणि त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या ओढाताणीने मार बसला होता. बहुतेक वेळा असा दुबळेपणा काही आठवड्यांत वा महिन्यांत जातो, क्वचित कायम राहतो. 'बहुतेक' आणि 'क्वचित' या दोन शब्दांच्या मध्ये आम्ही पाच आठवडे राहिलो.

अर्थात पंधरा दिवसांत नाशिकला परतणे जमले नाही. ताईने मुलाला, तो आणि सूनबाई बंगळुरूला असतात, आपण निसर्गोपचाराच्या केंद्रात आहोत असे सांगितले होते. पंधरा दिवसांचे वीस झाले. व्हिडिओ कॉल ती घेईना. 'इथे रेंज नाही,' म्हणे. एकविसाव्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. भाचा आणि सूनबाई दारात उभी. भाच्याचे डोळे लाल होते. आत येऊन त्याने आईच्या डोक्याचा रुमाल, पिवळे गाल, वाकडे हसू पाहिले आणि खाली बसकण मारली. "आई, कॅन्सर आहे ना? बाबांसारखं तूही आम्हाला शेवटी सांगणार आहेस का?"

ताई ते ऐकून बराच वेळ काहीच बोलली नाही. भावजींचा आजार पहिले चार महिने मुलापासून लपवला होता, तोही तिनेच. मग तिने सारे सांगितले, त्या गोळीसकट. भाचा उठून गॅलरीत गेला. सूनबाई मात्र जवळ बसली, कानामागचा व्रण नीट पाहून म्हणाली, "आई, चांगलं भरतंय. पण त्या रात्री काही झालं असतं तर आम्हाला कोणी कळवलं असतं?" त्या प्रश्नाचे उत्तर मलाही देता आले नाही, कारण रुग्णालयाच्या अर्जावर नातलग म्हणून एकटे माझे नाव होते आणि मी शपथेला बांधलेली होते.

खर्चाविषयी दोन शब्द. अशा शस्त्रक्रियेला आरोग्यविम्याचे पैसे मिळत नाहीत. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट निराळी. शिवाय त्यावर जीएसटी लागतो. ताईने निवृत्तीच्या पैशांतून हा खर्च केला आणि त्याचा मला आता राग नाही. डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आणि राज्य वैद्यक परिषदेची नोंदणी पाहावी, भूलतज्ज्ञ कोण आहे ते विचारावे, रात्री-अपरात्री पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची सोय तिथेच आहे का हेही. हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. सोय होती, हे आमचे भाग्य.

ओठ सातव्या आठवड्यात सरळ झाला. सूज दोन-अडीच महिन्यांत उतरली. कानापुढचा व्रण अजून किंचित गडद आहे. आपल्या सावळ्या त्वचेत तो रंग धरतो, म्हणून उन्हात जाताना सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर. डावा कान अजून थोडा बधिर आहे. कानाला संवेदना देणारी मज्जातंतू या शस्त्रक्रियेत सहज दुखावते. थंडीत तिने सवयीने शेकायची गरम पिशवी कानाशी धरली आणि भाजले तरी कळले नाही, इतका तो बधिर होता. हेही सांगून ठेवते. चेहऱ्याचे म्हणाल, तर ताई तरुण दिसत नाही. ती एकसष्ट वर्षांची, नीट झोप झालेली बाई दिसते. वय पुढे सरकेलच, आणि आठदहा वर्षांत कातडी पुन्हा सैलावू लागेल, हे डॉक्टरांनी लिहूनच दिले आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी ताईला फोनवर वाचून दाखवला. तिची अनुमती घेतली आहे; नावे गाळावीत ही तिचीच अट. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. त्या सकाळी ती पोहे निवडत नव्हती, तांदूळ निवडत होती. आणि कानाला ज्याने भाजले ती गरम पिशवी माझ्याच घरची होती, माझ्याच हातची भरलेली, हे लिहायला मी सोयीस्कर विसरले आहे.

तेही लिहिले. सध्या तिच्या औषधांच्या डबीचा फोटो दर रविवारी सूनबाईकडे जातो आणि एक प्रत माझ्याकडे येते. मी प्रत्येक खण मोजते.